दिल्ली आसरा डॉट कॉम

मी नावं विकते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कसली?" सन दोन हजारात हा प्रश्न मला फार आवडायचा. मग मी सांगायची, की इंटरनेटवर प्रत्येक दुकानाला एक पत्ता लागतो, तो जगात एकाचाच असू शकतो, आणि ज्याने वर्षाची फी आधी भरली त्याचा तो होतो. मी आधी भरून ठेवते आणि ज्याला हवा असेल त्याला विकते. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा निवून जायचा, पण त्याचे डोळे चमकायचे. दोन हजार एक साली मात्र हाच प्रश्न आला की माझं डोकं फिरायचं, कारण आता लोक पुढे विचारत, "आणि घेतं कोण?"

कोणीही घेत नव्हतं. मी ज्या नोएडाच्या इंटरनेट कंपनीत होते ती मार्चमध्ये बंद पडली. मालकाने शेवटच्या पगाराऐवजी आम्हाला खुर्च्या न्यायला सांगितल्या. माझी फिरती खुर्ची तिथूनच आली आहे. दिल्लीलगतच्या वैशाली वसाहतीत, आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत त्या खुर्चीवर बसून मी त्र्याऐंशी नावं सांभाळत होते. रोज बिल्डरांना, हॉटेलवाल्यांना, मसालेवाल्यांना ईमेल पाठवायचे, आणि रोज कोणाचंच उत्तर यायचं नाही. माझा नवरा मानस कस्तुरबा गांधी मार्गावर एका ऑफिसात नोकरीला. तो संध्याकाळी आला की विचारायचा, "काय, आज कोणाचं नामकरण?" एकदा तर म्हणाला, "नाव मोठं, लक्षण खोटं." त्या दिवशी मी त्याला भाजी न टाकता नुसता भात वाढला.

पण तो काही म्हणाला नसता तरी मला कळत होतंच. दिवाळीपर्यंत एक तरी नाव विकलं गेलं नाही, तर जवळच्या वसुंधरा वसाहतीतल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी धरायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्या वर्षी आश्विन महिनाच अधिक आला होता, म्हणजे दिवाळी जवळपास महिनाभर पुढे गेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मी मात्र त्याला मुदतवाढ समजत होते.

माझी काम करायची एक पद्धत होती. इतर लोक घरी बसून इंग्रजी शब्दकोशातली नावं घेत. मी गाडी काढून रस्त्यावरचे बोर्ड वाचत हिंडायची. यमुना ओलांडून गाझियाबादकडे निघालं की दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं आणि शेतात उभे बिल्डरांचे बोर्ड. इमारत अजून कागदावर, शेजारी म्हशी चरताहेत, आणि बोर्डावर कारंजं. गंमत म्हणजे जागा उत्तर प्रदेशात आणि प्रत्येक बोर्डावर 'दिल्ली' मात्र ठळक. मी नाव वहीत उतरवून घ्यायची, घरी येऊन ते कोणाकडे आहे बघायची, आणि मोकळं असेल तर घेऊन टाकायची.

सप्टेंबरात इंदिरापुरमच्या वाटेवर बोर्ड दिसला : 'दिल्ली आसरा, दोन आणि तीन बेडरूम, दिवाळीपासून बुकिंग'. घरी येऊन पाहिलं तर 'दिल्लीआसरा डॉट कॉम' आधीच कोणीतरी घेतलेलं होतं. एक साधं निळं पान होतं, वर धम्मचक्राचं लहानसं चित्र, खाली रोमन लिपीत मराठी मजकूर आणि एक यादी. मी ती वाचली नाही. मी फक्त मुदत पाहिली. सात ऑक्टोबर.

मी वाचली नाही हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी स्वतःलाच बऱ्याच वेळा सांगितलं की मला माहीतच नव्हतं. मराठी पान होतं, मला मराठी येतं, आणि यादी दहा-बारा ओळींचीच होती.

सात तारीख उलटली. मालकाने पुढच्या वर्षाची फी भरली नव्हती. काही कंपन्या अशा वेळी महिना-दीड महिना थांबतात, काही थांबत नाहीत. मी रोज सकाळी चहाच्या आधी बघत होते. एकोणीस तारखेला नाव मोकळं झालं आणि पाचव्या मिनिटाला ते माझं होतं. दुपारी मी त्या बिल्डरला, सभरवाल म्हणून होता, फोन केला. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. साठ हजारांवर सौदा ठरला. "आपकी ज़बान पक्की है न?" त्याने विचारलं. "दिवाली का विज्ञापन इसी नाम से छपेगा." मी म्हटलं, बिल्कुल पक्की. पाडव्याच्या आत चेक मिळणार होता. त्या दिवशी मानसने स्वतः श्रीखंड आणलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी ईमेल आला. रोमन लिपीतलं मराठी, पण सरकारी पत्राइतकं रेखीव.

'महोदया, मी वाल्मीक, केंद्र सरकारच्या सेवेतून जुलैअखेर निवृत्त. दिल्लीआसरा हे नाव गेल्या वर्षी दसऱ्याला मी घेतले होते. आज नूतनीकरणासाठी गेलो असता ते आपल्याकडे असल्याचे समजले. चूक माझीच आहे. कृपया भेटीची वेळ द्यावी. मी कोठेही येऊ शकतो.'

दमबाजी असती तर मला बरं पडलं असतं, दमबाजीला उत्तर देता येतं. या पत्राला काय उत्तर देणार? मी लिहिलं की मीच येते.

वाल्मीककाका सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. मी त्याच वसाहतीत वाढले, चार गल्ल्या पलीकडे. बाबा निवृत्त झाले तेव्हा आम्हीही असेच खोक्यांत राहिलो होतो, कारण क्वार्टर सोडायला सरकार मोजून चार महिने देतं. काकांच्या घरातही खोकी लागली होती. नोव्हेंबरअखेर ते वसुंधरात स्वतःच्या फ्लॅटमध्ये जाणार होते. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्ती तेवढी अजून जागेवर होती. काका उंच, सडपातळ, पांढरा शर्ट घातलेले. लीलाबाई, त्यांच्या पत्नी, ठेंगण्या आणि चटपटीत. त्यांनी पाणी दिलं आणि समोरच्या खोक्यावर बसल्या, उठल्या नाहीत.

"सात तारीख मला माहीत होती," काका म्हणाले. "कंपनीची स्मरणपत्रं आली. पण मला वाटलं, विमा हप्त्याला जशी तीस दिवसांची सवलत असते तशी इथेही असणार. आमचं सगळं चांगलं काम धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. गेल्या वर्षी दसरा सातलाच होता, तेव्हा नाव घेतलं. म्हटलं, दर वर्षी त्याच दिवशी पुढे चालू करायचं. या वर्षी अधिक महिन्याने दसरा सव्वीसवर नेला. एकोणीस दिवसांचाच तर फरक. तीसच्या आत बसत होतं."

"मी म्हणत होते, चौदा तारीख धरा," लीलाबाई म्हणाल्या. "बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती तारीख चौदा ऑक्टोबर."

"तू म्हणत नव्हतीस. तू दसराच धरतेस. नागपूरला गर्दी दसऱ्याला होते म्हणून."

"मग तुम्ही तरी चौदा धरायची."

काका मला म्हणाले, "बघा. आम्ही पंचांग सोडलं, पण पंचांगाने आम्हाला सोडलं नाही." आणि खरंच हसले. चौदाला गेले असते तर नाव त्यांचंच राहिलं असतं. मी हसू शकले नाही.

मग त्यांनी मला पत्रक दाखवलं. पोस्टकार्डाएवढा पिवळा कागद. 'एम्समध्ये उपचारासाठी दिल्लीला येताय? राहण्याची सोय विनामूल्य. जवळच्या सायबर कॅफेत जाऊन पुढील नाव उघडा.' आणि खाली मोठ्या अक्षरांत माझं नाव. म्हणजे त्यांचं नाव.

विदर्भातून पेशंट येतात, हॉस्पिटलची तारीख दहा-पंधरा दिवसांची मिळते, नातेवाईक फुटपाथवर झोपतात. हे काकांनी वीस वर्षं पाहिलं होतं. दिल्ली, नोएडा, फरिदाबादमधल्या अकरा घरांनी एकेक खोली द्यायचं कबूल केलं होतं. ती दहा-बारा ओळींची यादी म्हणजे या आठवड्यात कोणाची खोली रिकामी आहे आणि कोणाला फोन करायचा, एवढंच होतं.

"पत्रकावर फोन नंबर का नाही छापला?" मी विचारलं. मला आतून राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं.

"आधी छापत होतो," काका म्हणाले. "नोकरीत तीन वेळा क्वार्टर बदललं, तीन वेळा नंबर बदलला, तिन्ही वेळा हजारो पत्रकं रद्दी झाली. आता पुन्हा घर बदलून वसुंधरात जायचं. माझ्या पुतण्याने सांगितलं, काका, घर बदलेल, फोन बदलेल, इंटरनेटवरचं नाव बदलत नाही. चार हजार पत्रकं एप्रिलमध्ये गेली. परवा दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर पुतण्याने आणखी दोन हजार वाटली."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं की नाव मी एका बिल्डरला द्यायचं कबूल केलं आहे. अजून पैसे आलेले नाहीत, पण शब्द दिला आहे.

 मला वाटलं होतं ते म्हणतील, मोडा शब्द. तसं म्हणाले असते तर कदाचित मी मोडलाही असता. कदाचित. पण काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दिलेला शब्द मोडा असं मी सांगणार नाही. चूक माझी, तुमची नाही."

मी घाईघाईने म्हटलं की मी त्यांना नवीन नाव घेऊन देते, 'दिल्लीनिवारा', दहा वर्षांची फी मी भरते, पानही मीच सांभाळते. काका म्हणाले, चालेल, उपकार होतील. आपलंच चोरून कोणी आपल्यालाच भेट दिली की माणूस उपकार म्हणतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आणि ती सहा हजार पत्रकं?" लीलाबाईंनी विचारलं. "ती कोण परत आणणार? गावोगावी लोकांनी पेटीत जपून ठेवलीत. गरज लागेल तेव्हा काढतील."

काकांनी थोडा विचार केला. "मॅडम, एवढं करा. त्या बिल्डरसाहेबांना सांगा, त्यांच्या पानाच्या तळाशी एक ओळ टाका म्हणावं. मराठीत. 'एम्ससाठी आलेल्यांनी दिल्लीनिवारा उघडावे.' एक ओळ. त्यांचं काही जाणार नाही."

"सांगते," मी म्हटलं. "नक्की सांगते, काका."

लीलाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना काका दिल्लीतल्या धुक्याबद्दल बोलले, नव्या फ्लॅटच्या गळक्या नळाबद्दल बोलले. दारातून निघताना लीलाबाई म्हणाल्या, "एक ओळ, ताई. विसरू नका."

मी विसरले नाही. विसरले असते तर आज सांगायला सोपं गेलं असतं. पहिल्या आठवड्यात चेक यायचा होता. म्हटलं, मध्येच काही मागितलं तर सभरवाल बिथरेल, चेक हातात आला की सांगू. चेक आला, मग तो बँकेत वटायचा होता. वटला. मग दिवाळी होती. दिवाळीनंतर सभरवालने स्वतः फोन केला, की पानावरून खूप फोन येताहेत, पुढच्या दोन स्कीमसाठीही नावं बघून ठेवा. मी हरखून गेले. नव्या गिऱ्हाइकाकडे दोन सौदे पिकत असताना धर्मादायाची गोष्ट काढू नये, असं मला वाटलं. धंदा मंदीत असला की माणूस किती छोटा होतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलं आहे. एका ओळीसाठी मी चार महिने योग्य वेळ शोधत राहिले.

दिल्लीनिवाराचं पान मात्र मी मनापासून केलं. दर रविवारी काकांना फोन करून यादी बदलायची. ते एकदाही ओळीबद्दल बोलले नाहीत. मी सांगितलं आहे असं त्यांनी धरलं होतं, आणि मीही ते तसंच राहू दिलं.

फेब्रुवारीत सभरवालने मला साइटवर बोलावलं. इमारत चौथ्या मजल्यापर्यंत आली होती आणि तळमजल्यावर सॅम्पल फ्लॅट तयार होता, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला सजवलेलं घर. बाहेर सिमेंटची धूळ, आत गालिचा. डायनिंग टेबलावर काचेच्या भांड्यात प्लास्टिकची सफरचंदं, बेडरूममध्ये गुलाबी चादर घातलेला डबल बेड. सभरवाल गुबगुबीत, हसतमुख माणूस. दोन्ही नावांचं बोलणं दहा मिनिटांत झालं. मी घेतलेल्या नावांपैकीच दोन त्याला पसंत पडली. मी मनात शाळेच्या नोकरीला कायमचा रामराम ठोकला.

तेवढ्यात बाहेर सुमो थांबली. गिऱ्हाइकांना स्टेशनवरून, घरून, कुठूनही फुकट आणून साइट दाखवायची सभरवालची पद्धत होती. सेल्समन दोघांना घेऊन आत आला. पन्नाशीचा एक माणूस, डोक्याला मफलर, हातात पत्र्याची पेटी. मागे त्याची बायको, शाल लपेटलेली, ओठ निळसर, दर चार पावलांना थांबणारी. सेल्समन हिंदीत घोकलेलं म्हणू लागला, "ये ड्रॉइंग-कम-डाइनिंग, इटालियन टाइल..." माणूस प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. बेडरूमच्या दाराशी आल्यावर त्याने पेटी पलंगाशेजारी ठेवली, बायकोला हाताला धरून पलंगावर बसवलं, तिच्या चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. ती आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

"अरे अरे, माताजी, ये सैंपल है," सेल्समन म्हणाला.

माणूस त्याच्याकडे बघून हसला. मग त्याने मफलर सोडून मला हात जोडले. "जय भीम, बाई. वाल्मीकसायेब कुठी हायेत?"



"आमी वणीवरून आलो," तो सांगत होता. त्याचं नाव शेषराव. "हे पंचफुला. हिच्या हृदयाची झडप खराब हाये. गुरुवारची तारीख देल्ली हाये दवाखान्यानं. त्या पोट्ट्यानं कॅफेत नाव उघडून देल्लं, नंबर देल्ला. आमी फोन केला तर म्हणे, या, स्टेशनवर गाडी पाठवतो. लय चांगले लोक हायेत बाई. गाडीत थंडं पाजलं." त्याने शर्टाच्या खिशातून पिवळा कागद काढून मला दाखवला. घड्यांवर चिरत आलेला.

सभरवालला मराठी कळत नव्हतं. त्याने सेल्समनकडे पाहिलं.

"वही हैं सर," सेल्समन म्हणाला. "हॉस्पिटल वाले. हर हफ्ते एक-दो पार्टी आ जाती है. फोन पे समझ ही नहीं आता. बाद में पता चलता है तो बस अड्डे छुड़वा देते हैं."

मी सभरवालला सगळं सांगितलं. पत्रकं, यादी, आणि पानाच्या तळाशी हवी असलेली एक ओळ.  दोन्ही सौदे गेले तरी चालतील असं त्या क्षणी मला वाटत होतं, आणि हे चार महिने उशिरा वाटतंय हेही कळत होतं.

सभरवालने हात पसरले. "बस, इतनी सी बात? आज ही डलवा देता हूं. आप पहले क्यों नहीं बोलीं, मैडम? हमारा भी तो डीज़ल जाता है."



पंचफुलाबाईंना उठवायला शेषराव तयार नव्हते. "जराशी झोपू द्या, रात्रभर बसून आली हाये." सभरवाल म्हणाला, सोने दो. तो वाईट माणूस नव्हताच. पाऊण तास आम्ही सगळे त्या खोट्या घरात बसून होतो, ती बाई खरीखुरी झोपली होती, आणि सेल्समन नव्या गिऱ्हाइकांना दारातूनच इटालियन टाइल दाखवून परत नेत होता.

मग मी दोघांना माझ्या मारुतीत बसवून वसुंधरात वाल्मीककाकांच्या नव्या फ्लॅटवर घेऊन गेले. वाटेत मी शेषरावांना सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, ते घर काकांचं नव्हतं, ते नाव मी दुसऱ्यांना विकलं, म्हणून तुम्ही तिकडे गेलात. ते म्हणाले, "नाव कसं विकते, बाई?" मी समजावायला तोंड उघडलं. हजार वेळा सांगितलेलं सगळं पाठ होतं, आणि त्यातलं एकही वाक्य मला म्हणवेना. ते खिडकीतून बाहेर बघू लागले. मला वाटतं, मी बोलायला संकोचते आहे असं त्यांना वाटलं असावं.

दार काकांनी उघडलं. जय भीम झाला. लीलाबाईंनी पंचफुलाबाईंना धरून आत नेलं, गादीवर बसवलं, पाठीशी दोन उशा दिल्या. काकांनी शेषरावांची पेटी स्वतः उचलली.

"कुठे उतरला होतात?" त्यांनी विचारलं.

"या बाईंच्या घरी," शेषराव म्हणाले. "लय मोठं घर हाये यांचं. पलंग घालून ठेवला होता आमच्यासाठी. चादर नवीकोरी. टेबलावर फळं ठेवली होती, पण आमी हात नाही लावला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. सॅम्पल फ्लॅट, सुमो, ओळ. ओळ मी आज सांगितली, ऑक्टोबरात नाही, हेही सांगितलं. लीलाबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

काका हळूच खुर्चीवर बसले. "दिवाळीपासून फार कमी लोक आले," ते म्हणाले. "आधी महिन्याला सात-आठ यायचे. आता एखादं कुटुंब. मी हिला म्हणत होतो, बहुतेक नागपूरला चांगलं हॉस्पिटल झालं असेल. बरंच झालं, म्हटलं. अकरा घरांना फोन करून सांगितलं, सध्या खोली लागत नाही, तुम्ही भाडेकरू ठेवला तरी चालेल."

 आत पंचफुलाबाई पाणी मागत होत्या.

"मॅडम," काकांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज पहिल्या दिवशी होता तसाच होता, "आणखी कोणी आलं होतं का तिकडे?"

एखादा, असं म्हणता आलं असतं. माहीत नाही, असंही म्हणता आलं असतं. ते म्हातारे होते, दमले होते, आणि मला त्यांच्यावर खरोखर माया जडली होती.

"दर आठवड्याला," मी म्हटलं. "एक-दोन कुटुंबं. दिवाळीपासून. कळलं की त्यांना बस अड्ड्यावर सोडत होते."

काकांनी मान हलवली. लीलाबाई आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन पंचफुलाबाईंशेजारी बसल्या. मग काकांनी फोन जवळ ओढला, चष्मा लावला आणि पहिल्या घराचा नंबर फिरवला. खोली परत लागणार होती. तिथे भाडेकरू आला होता.